राखणीची शाळा

ज्वारी चिकात आली की आमच्या गावची शाळा निम्मी रिकामी व्हायची. १९६५ ते १९७५ च्या आसपासची ही गोष्ट. माढा तालुक्यात तेव्हा उजनीचं पाणी आलेलं नव्हतं. ऊस म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा एखादा तुकडा. बाकी सगळं काळं रान शाळूचं. हस्ताच्या आगेमागे पेरलेला शाळू मार्गशीर्षात निसवायचा, पौषात दाणा चिकात यायचा, आणि तिथून दाणा टणक होईपर्यंत महिना-सव्वा महिना राखण. राखणीला गडीमाणूस कोण ठेवणार? गडी हजार कामाला लागतो. पाखरं हाकायला पाच-सहा वर्षांचं पोरगंसुद्धा चालतं. त्याला आरडता आलं आणि डबा बडवता आला म्हणजे झालं.

हल्लीच्या शहरातल्या वाचणाराला माळा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. रानाच्या मधोमध चार मेढी रोवायच्या, वर आडवी लाकडं, त्यावर तुराट्या आणि कडबा. पुरुषभर उंच. चढायला बांबूची शिडी, नाहीतर मेढीला बांधलेले दांडके. वर बसलं की कणसांचा पिवळा-हिरवा समुद्र खाली दिसायचा. हाताशी गोफण, गोफणीच्या धोंड्यांचा ढीग, आणि रॉकेलचा रिकामा डबा. एवढं सामान.

पाखरं दिवसातनं दोनदा जेवतात. उगवतीपासून दहा-अकरापर्यंत एक पंगत, आणि उन्हं कलली की मावळतीपर्यंत दुसरी. मधल्या टळटळीत वेळेला झाडात बसून राहतात. त्यामुळे दिवस उगवायच्या आधी माळ्यावर पोचलं पाहिजे, हा पहिला नियम. मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी अक्का अंधारातच निघायचो. थंडी अशी की गोफणीचा दोर हातात धरवत नसे. घड्याळ घरात नव्हतं. काळा कोतवाल झुंजुमुंजू व्हायच्या आधी बोलतो, तो बोलला की आई उठवायची. तो बोलल्यावर किती वेळानं साळुंक्या उठतात, साळुंक्यांनंतर चिमण्या, आणि राघू सगळ्यात उशिरा पण सगळ्यात जास्त नासधूस करणारे, हा क्रम आम्हाला शाळेत जायच्या आधीच पाठ होता. कालनिर्णय आमच्या घरी पुष्कळ उशिरा आलं.

आता मोजणी. अक्काला वीसपर्यंतच आकडे येत होते, पण विसानं मोजायची रीत आज्जीकडनं आलेली. एक वीस, दोन वीस, पाच विसा शंभर. गोफणीचे धोंडे ती विसाविसाचे ढीग करून ठेवायची. सकाळी पाच ढीग. दुपारी किती उरले ते बघायचं आणि किती गेले ते सांगायचं, हे काम माझ्याकडे. वजाबाकी मी पाटीवर शिकायच्या दोन वर्षं आधी माळ्यावर शिकलो. पुढं मास्तरांनी फळ्यावर शंभरातनं सदतीस वजा करायला सांगितलं तेव्हा मला फळ्यावर धोंडेच दिसले.

थवा किती पाखरांचा हे मोजता येत नाही, अदमास घ्यावा लागतो. त्यासाठी अक्काची युक्ती होती. एका कणसावर किती बसलीत ती मोजायची, आणि तशी किती कणसं वाकलीत ती मोजायची. चिमणीनं कणीस वाकत नाही, हलतं. होला बसला तर वाकतं. राघू तर कणीस मोडून पायात धरतो आणि निम्मं खाली सांडतो. भोरड्या आल्या की मोजणी संपली. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, साळुंकीच्या जातीतली. थव्यानं येतात तेव्हा आभाळात धूर वळल्यासारखं दिसतं. या भोरड्या मध्य आशियातनं आणि युरोपच्या पूर्वेकडनं येतात, तिकडं टोळ खातात, तिकडंच पिल्लं वाढवतात, आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडं उतरतात, हे मला पन्नाशीत पुस्तकात वाचून कळलं. लहानपणी आम्ही एवढंच म्हणायचो की भोरड्या ‘वरनं’ येतात. वरनं म्हणजे देवाकडनं का उत्तरेकडनं, हे कुणी विचारलं नाही.

गोफणीनं पाखरू मारायचं नसतं. वाचणारांपैकी कित्येकांना हे खरं वाटणार नाही. पाखराला धोंडा लागावा असा नेम आम्ही धरत नव्हतो. थव्याच्या पलीकडच्या अंगाला धोंडा पडला पाहिजे, म्हणजे थवा आपल्याकडं न येता उडून बांधापार जातो. अलीकडं पडला तर रानातच पुढं सरकून बसतो. वारा कुठला, थवा किती लांब, उन्हाची तिरीप कुठनं, एवढा हिशेब सहा वर्षांच्या डोक्यात व्हायचा. शिवाय शेजारच्या रानात पाखरं घालवली तर शेजारची राखणदार पोरगी शिव्या घालायची. म्हणून थवा उठवायच्या आधी हाळी द्यायची, ती ऐकून शेजारची तयार व्हायची, तिची पुढचीला. अख्ख्या शिवारात अशी हाळ्यांची साखळी चालायची.

हे सगळं सांगितलं की शहरातली माणसं म्हणतात, वा, काय बालपण होतं तुमचं, निसर्गाची शाळा! मला हे बोलणं पटत नाही. शाळा होती हे खरं. पण फी कुणी भरली ते बघायला पाहिजे. मला दादा अकराला माळ्यावरनं सोडायचे. मी भाकरीचा तुकडा खात पळत शाळेत जायचो, थोडा उशीर व्हायचा, दोन छड्या खायचो, बसायचो. अक्काला सोडत नव्हते. पाखरांची दुसरी पंगत तिसऱ्या प्रहराला, तेव्हा कुणीतरी पाहिजेच. पोरगीला शिकून काय करायचं, हा तेव्हाचा रिवाज. तिची दुसरी झाली आणि हजेरीपटावरनं नाव गेलं. तिच्या वर्गातल्या सात पोरींपैकी चौथीला एकच पोचली. तिच्या बापाला रान नव्हतं, म्हणून.

म्हणजे पाखरांनी आम्हाला शिकवलं, आणि पाखरांपायीच आमच्या बहिणी अडाणी राहिल्या. दोन्ही गोष्टी एकाच माळ्यावर घडल्या.

शाळेत पाखरं नव्हती असं नाही. अंकलिपीत होतं, ब बदकाचा. आमच्या अख्ख्या शिवारात कुणी बदक पाहिलेलं नव्हतं. मास्तर दोनाच्या आकड्याला चोच आणि शेपूट काढून बदक करायचे, आम्ही पाटीवर करायचो. मी एकदा मास्तरांना म्हणालो, गुरुजी, दोनाचा बगळापण होतोय की, नुसते पाय लांब काढायचे. ‘पुस्तकात बदक आहे,’ एवढंच ते म्हणाले. त्यांना तरी काय बोलावं? वरनं आलं तेच त्यांनी शिकवलं.

घरात मात्र लहान पोराचं शिक्षण पाखरांवरच चालू व्हायचं आणि अजून होतं. लेकरू जेवत नसेल तर चिऊच्या नावानं घास, काऊच्या नावानं घास. त्यात लेकराला कळतं ते असं, की जेवणारे आपण एकटे नाही. नंतर चिमणीच्या आणि कावळ्याच्या घराची गोष्ट. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन दार वाजवतो. ही गोष्ट आपल्या आज्यांनी रचली असं मला वाटायचं. पण महानुभावांच्या लीळाचरित्रात ती आहे, म्हणजे सातशे वर्षांच्या वर तिचं वय. तिथं चिमणीला चिमणी म्हटलेलं नाही, साळै म्हटलंय, एवढाच फरक. सातशे वर्षं मराठी लेकरं एकाच गोष्टीनं झोपतात याचं मला फार नवल वाटतं.

अक्का ती गोष्ट वेगळी सांगायची. ती म्हणायची, कावळ्याचं घर शेणाचं नसतंय, काट्याकुट्याचं असतंय, आणि आता तर त्यात तारापण घालतोय. चिमणी कुठलं मेण आणणार? वळचणीत काडी-कापूस कोंबतीया. आणि कावळा बिचारा कोकिळेची पिल्लं आपली समजून वाढवतोय, त्याला वाईट कशाला म्हणायचं? तिच्या गोष्टीत शेवटी चिमणी दार उघडायची. आई चिडायची, गोष्ट मोडू नको म्हणून.

आणि खेळ. मराठी मुलखात हा खेळ खेळला नाही असं माणूस सापडणं कठीण. सगळ्यांनी गोल बसून एक बोट जमिनीला टेकवायचं. एकानं म्हणायचं, चिमणी उड, कावळा उड, मग झटकन म्हैस उड. म्हशीला ज्यानं बोट उचललं तो बाद. वरवर बघता हा नुसता हसण्याचा खेळ. पण तीन-चार वर्षांच्या लेकराला यात ऐकावं लागतं, थांबावं लागतं, उडणारं आणि न उडणारं असं जग दोन भागात करावं लागतं. भांडणं लागायची ती कोंबडीवर. कोंबडी उड म्हटलं की निम्मी बोटं वर, निम्मी खाली. कोंबडीला पंख हायती का न्हाईत? हायती. मग उडती का? उकिरड्यापासनं वळचणीपर्यंत उडती. त्याला उडणं म्हणायचं का? आमच्यात एकदा हा वाद इतका चालला की प्रत्यक्ष कोंबडी धरून भिंतीवरनं सोडून बघितली. वटवाघळावरही असाच वाद व्हायचा. ते उडतं, पण अंडी घालत नाही, पिल्लाला पाजतं. हे अक्कानं चिंचेखाली पडलेली मादी पाहून ठरवलं होतं. पुस्तकात ते मी सातवीत वाचलं.

बगळ्यांची रांग डोक्यावरनं गेली की नखाला नख घासून त्यांच्याकडं पांढरी फुलं मागायची. नखावर पांढरा ठिपका उठला की बगळ्यानं फूल दिलं. मोराचं पीस पुस्तकात ठेवलं की त्याला पिल्लू होतं, त्याला खायला पेन्सिलीचा भुगा घालायचा. यात शास्त्र काही नाही. पण पोरं आभाळाकडं बघायची आणि पुस्तक रोज उघडायची.

काही समजुती मात्र तपासायच्याच असतात. टिटवी उघड्या रानात, ढेकळात अंडी घालते. जेवढी अंडी तेवढे महिने पाऊस, असं आमच्याकडं जाणती माणसं छातीठोक सांगतात. मी चाळीस वर्षं मोजत आलोय. टिटवीची अंडी बहुतेक वेळा चारच असतात. पाऊस चार महिने पडो नाहीतर चाळीस मिनिटं पडो. १९७२ च्या दुष्काळात रानात ज्वारीचं ताट उगवलं नव्हतं, राखणीचा प्रश्नच नव्हता, आम्ही खडी फोडायला आणि सुकडी खायला दुष्काळी कामावर होतो. तिथं खडीच्या ढिगाशेजारीच टिटवी बसली होती. अंडी चार! अक्का म्हणाली, हिला आपलं काय म्हाईत न्हाय, हिला हिचं म्हाईत हाय.

पुढं दहावी झाल्यावर मी शेतीत पडलो. पहिल्या दहावीची परीक्षा १९७५ ला झाली, त्याच्या पुढच्या वर्षी मी बसलो. शिक्षण संपलं तरी वाचायचा नाद राहिला. त्या नादात पंढरपूरच्या आषाढीला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळालं. एका रात्रीत वाचून काढलं. ज्या प्रश्नावर आम्ही माळ्यावर बसून आयुष्य काढलं, त्याचं उत्तर कुणीतरी आधीच शोधून ठेवलं होतं.

थोडक्यात सांगतो. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण शहरातल्या बालमंदिरात सुखवस्तू घरची मुलं येणार. खेड्यातल्या मुलाचं काय? म्हणून १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यात बोर्डीला काम मांडलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ ला हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या वस्तीत. तिथली मुलं गुरांमागं जायची. जशी आमची राखणीला, तशी ती कुरणाला. मग यांनी कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा. गुरं चरतायत, आणि तिथंच बिया, पानं, शिंपले, पिसं घेऊन शिकणं चाललंय. बाहेरचं महागडं सामान आणायचं नाही, मुलाच्या हाताशी जे आहे तेच शिकवायचं सामान, ही ताराबाईंची रीत होती.

आमच्या तालुक्यात कुणी माळ्याखाली शाळा भरवली असती तर अक्का चौथी झाली असती, एवढंच मनात आलं. कुणावर राग नाही. पण हे आलं.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशात ३३ ठिकाणी. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी त्यात होतं. बोर्डीचा अंगणवाडी हा शब्द पुढं देशभर झाला. आमच्या गावात ती यायला १९८८ उजाडलं. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची. सेविकेला शिक्षणाची अट होती, मदतनीस बाईला तेवढी नव्हती. अक्काचा नवरा वारला होता, ती दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली. गावानं तिला मदतनीस म्हणून घेतलं. पगार नव्हे, मानधन. काम म्हणजे पोरं गोळा करून आणायची, झाडलोट, पाणी, खाऊ शिजवायचा.

सेविका बाई मनानं चांगल्या, पण त्यांच्यामागं रजिस्टरं एवढी की मान वर काढायला फुरसत नाही. वजनाचं, लशीचं, पोषणाचं, गरोदर बायांचं. तोपर्यंत चाळीस पोरं कुणी सांभाळायची? अक्कानं सांभाळली. तिला गाणी पाठ नव्हती, तक्ते वाचता येत नव्हते. तिला पाखरं येत होती.

मी कामाधामातनं देवळापुढनं जाताना बघायचो. एकदा पोरं दोन रांगा करून चालली होती. अर्धी दोन्ही पाय जोडून उड्या मारतायत, अर्धी एकेक पाऊल टाकतायत. विचारलं तर म्हणाली, ही चिमण्या आणि ही साळुंक्या. चिमणी जमिनीवर चालत नाही, टुणटुण उड्या मारते. साळुंकी माणसासारखी पाय टाकते. हे तुम्ही आज अंगणात बघा, मग पुढचं वाचा. ओवरीसमोरच्या फुफाट्यात तिनं सकाळी पाखरांचे माग दाखवायचे आणि काडीनं पोरांकडनं तसेच काढून घ्यायचे. तिरप्या रेघा, उभ्या रेघा, तीन फाटे. सेविका बाईंनीच मला सांगितलं की या पोरांचा हात अक्षराला लवकर वळतो.

दुसरा खेळ चोचींचा. तिनं घरनं अडकित्ता, चिमटा आणि दाभण आणली होती. धार लागू नये म्हणून अडकित्ता स्वतःच्या हातात ठेवायची. सुपारी फोडून दाखवायची, हा राघू. वाटीतल्या पाण्यातनं चिमट्यानं हरभरा उचलायचा, हा बगळा. जास्वंदीच्या फुलात दाभण घालायची, हा शिंजीर. मग एकेका पोराला विचारायचं, राघूला पाण्यातला मासा धरता यील का? पोरं विचार करायची. एक पोरगं म्हणालं होतं, यील, पण मासा तुटंल.

सुगरणीचे खोपे पडले की ती गोळा करून आणायची. ओढ्याच्या विहिरीवर बाभळ होती, तिच्यावर दरसाल पंधरा-वीस खोपे. पोरांना सुटा खोपा उसवायला द्यायची आणि परत विणा म्हणायची. कुणालाच विणता यायचा नाही, मलाही नाही. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडला तर पुरा करतो, नाहीतर सोडून दुसरा धरतो. नाव मात्र सुगरण, बाईचं! आतल्या भिंतीला तो ओल्या मातीचे गोळे लावतो. लोक म्हणतात काजवे चिकटवायला. अक्का म्हणायची, काजवा एकदापण दिसला न्हाय मला, वजनाला लावत असंल, वाऱ्यानं हलू नये म्हणून.

मग एकदा तपासणीला वरच्या बाई आल्या. भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता होता. काठीनं दाखवून विचारत गेल्या. मोर, कावळा, घुबड. राघूच्या चित्रावर काठी ठेवली, हा कोण? पाच वर्षांची एक पोरगी उठून म्हणाली, ‘ही राघीण हाय बाई. हिच्या गळ्यात कंठ न्हाय. नराच्या गळ्यात कंठ असतोय.’ बाईंनी तक्त्याजवळ जाऊन बघितलं. खाली ‘पोपट’ छापलं होतं. बाई हसल्या, म्हणाल्या, बरोबर उत्तर पोपट. पोरगी म्हणाली, ‘न्हाई.’ आणि बसली. बाईंनी शेऱ्यात लिहिलं की मुलांकडून तक्ते पाठ करून घेण्याची गरज आहे. सेविका बाईंनी तो शेरा मला वाचून दाखवला होता. अक्काला दाखवला नाही.

सालिम अलींच्या लहानपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १८९६ चा जन्म, मुंबईत वाढले. छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एक चिमणी वेगळी निघाली, गळ्यावर पिवळा डाग. ही कोण म्हणून मामाला विचारलं, मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब. त्यांनी पोराला हाकललं नाही, कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. तिथनं सालिम अली घडले. आमच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली, जन्म ५ नोव्हेंबर १९३२, वनखात्यात राहून त्यांनी मराठीत पक्षिकोश केला. या दोघांच्या जन्मतारखा धरून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आता महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चांगलं आहे. मला फक्त एवढं दिसतं, की सालिम अलींना विचारायला एक कपाट होतं. त्या राघिणीवाल्या पोरीला तक्ता होता.

पाखरांवरनं गावात वाकडं वातावरण झालं तेही सांगितलं पाहिजे. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य १९७९ ला झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात आमचा तालुकासुद्धा. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, बिगरशेतीला अडचण. २०१२ ला क्षेत्र बरंच कमी केलं, पण मधली तीस वर्षं लोकांनी त्या पाखराच्या नावानं बोटं मोडली. माझ्या घरातली पोरं माळढोक हा शब्द पहिल्यांदा शिकली ती शिवीसारखी. पाखरू कुणी बघितलेलं नव्हतं. दादा सांगायचे, पूर्वी हुलग्याच्या रानात दोन-दोन चालताना दिसायचे, पुरुषाच्या मांडीएवढे. सक्तीनं वाचवायला गेलं की असं होतं. लहान पोरांना आधी ओळख करून दिली असती तर कदाचित वेगळं झालं असतं.

राखण आता संपली. उजनी धरण १९८० ला पुरं झालं, हळूहळू कालवे आले, शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. उसाला राखण लागत नाही. पोरं शाळेत जातात, पोरीसुद्धा, आणि त्याबद्दल मला काडीचं दुःख नाही. अक्काच्या दोन्ही नाती कॉलेजात आहेत. पण धाब्याची घरं गेली, स्लॅब आले, वळचण नाही म्हणून चिमणी नाही. उसावर, भाजीवर फवारे. चिमणीचं पिल्लू दाण्यावर वाढत नाही, त्याला अळ्या लागतात, अळ्याच नाहीत. २० मार्चला चिमणी दिवस करतात, २०१० पासून. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी तो सुरू केला. आमच्या शाळेत त्या दिवशी पुठ्ठ्याची घरटी करतात. पुठ्ठ्याचं घरटं पावसात टिकत नाही. कावळ्याच्या शेणाच्या घरासारखंच ते.

अक्का साठीनंतर कामावरनं सुटली. आता नवी सेविका आहे, शिकलेली, मोबाईलवर सगळं भरते. गेल्या नोव्हेंबरात ती घरी आली. वरनं सांगितलं होतं, पक्षी सप्ताहात मुलांना परिसरातले पाच पक्षी दाखवून फोटो टाका. म्हणाली, ‘अक्का, मला कावळा सोडून एक ओळखू येत नाही. तुम्ही येता का?’ अक्काच्या गुडघ्यात दम नाही. मी मोटारसायकलवर बसवून नेली. पोरं वीस-बावीस होती. ती बाजल्यावर बसली आणि पोरांना डोळे मिटायला लावले. म्हणाली, गप बसा आणि सांगा, किती जण बोलायलेत? पोरं गप झाली. रस्त्यावरनं ट्रॅक्टर गेला, मग शांत झालं. एका पोरानं बोट वर केलं, तीन. दुसऱ्यानं, चार. अक्का म्हणाली, सहा हायती, परत ऐका. सेविका मोबाईल हातात धरून उभी होती. ऐकण्याचा फोटो कसा काढायचा हे तिला कळेना.

मी यंदा बारा गुंठे मालदांडी शाळू ठेवलाय, घरापुरता आणि हुरड्यापुरता. ऊसवाले हसतात. शाळू कमी झाला तशी शिवारातली सगळी पाखरं माझ्याच तुकड्यावर उतरतात. मालकीण म्हणते, पोतं निघायचं न्हाय यातनं. माळा मी पोराकडनं बांधून घेतलाय, शिडी जरा रुंद, कारण रविवारी अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली पाच-सहा पोरं येतात. गोफण नाही, पत्र्याचा डबा आहे. येतात अकरा वाजता, पाखरांची पहिली पंगत उठून गेल्यावर. दुसऱ्या पंगतीला मात्र थांबतात. परवा त्यातल्या एका पोरीनं भोरड्यांचा थवा उठवला नाही, नुसती बघत बसली. मी खालनं ओरडलो, अगं हाक की! ती म्हणाली, ‘थांबा आजोबा, एका कणसावर किती बसल्यात ते मोजायलीय.’